सात माड

कुस्तोदमाय माझ्या टेबलापुढे बसली
आणि आधी कागदाचीच किंमत विचारली.
कराविरुद्धचा अर्ज, पण तोही पापेल सेलादवर.
मुद्रांक वेगळा, लिहिणावळ वेगळी.
लिहिणावळ मी सोडली,
मुद्रांक माझ्या हातात नव्हता.

युद्ध आमचं नाही, असं राजपत्रात छापलं होतं.
रंगूनचा तांदूळ मात्र युद्धात गेला.
पणजीच्या रेशनवर जे मिळे
त्यातले खडे निवडून उरेल त्याची पेज.

सांग, म्हटलं. ती सांगू लागली,
पार सासऱ्यापासून,
मांडवीने नेलेल्या बांधापासून,
आणि मी पोर्तुगीजमध्ये उतरवत गेलो.
भुकेला त्या भाषेत चांगला शब्द आहे,
पण महामहिम गव्हर्नर-जनरलांपुढे
तो असा उघडा नेता येत नाही.
मी लिहिलं: काही अडचणी.

मुलगा बोस्त्यांव माडांवर चढायचा.
मग तारवटी झाला.
मुंबईच्या कुडातून दोन महिन्यांनी मनीऑर्डर यायची,
मग एक पत्र आलं,
जहाजाचं नाव असलेलं,
समुद्राचं नाव नसलेलं.
काती खुंटीला, दुदिणं खुंटीला,
सूर उतरवायला घरात कोणी नाही,
आणि कर माडाला आहे, चढणाऱ्याला नाही.

"माड किती?"
"सात."

मालारला मी एकदा फेस्ताला गेलो होतो.
आठ होते.
आठवा विहिरीकडे, जरा कलता,
बोस्त्यांव जन्मला तेव्हा लावलेला.
त्याच्या बुंध्याशी बसून आम्ही जेवलो होतो.

"सात, बाब. सातच बरय."
"आणि तो कलता?"
ती माझ्याकडे नुसती बघत राहिली,
तराजू जड धरला की बाजारात बाया बघतात तशी.
सात लिहिलं. अंकात,
आणि नियमाप्रमाणे अक्षरातही.

शेवटी तिला घालायचं होतं,
तुम्ही जेवूनखाऊन बरे असा,
घरच्यांना देव बरं करो.
म्हटलं, माय, अर्जात असं नसतं.
अर्जाच्या शेवटी असतं: आ बें द नासांव,
राष्ट्राच्या भल्यासाठी.
"त्याचेही पैसे पडतात?"
नाही, म्हटलं. तेवढं फुकट.

उत्तर आलं नाही.
चतुर्थीच्या आठवड्यात मोजणीदार आला,
डांबराचा डबा आणि ब्रश घेऊन.
अर्ज माझ्या हातचा, म्हणून साक्षीला मला नेलं.
होडीत तो माझ्याशी गुळाच्या भावाबद्दल बोलला.
घरी चार पोरं, म्हणाला,
मोदक यंदा नाचणीचे.

तो खोडांवर आकडे घालत पुढे,
मी मोठ्याने मोजत मागे.
सातव्यावर डांबर ओघळलं,
ते त्याने पानाने पुसलं.
मग त्याने मान वळवली.

विहिरीकडच्या माडाला पाठ टेकून
कुस्तोदमाय उभी होती, काळ्या कपड्यांत,
हात मागे, टाचा खोडाला चिकटवून,
शाळेत पोरं उंची मोजून घ्यायला उभी राहतात तशी.
तिच्या डोक्यावर, खूप वर,
झावळ्या आणि नारळांचा घड.

त्याने तिच्याकडे पाहिलं.
वर पाहिलं.
मग माझ्याकडे.

"सात," मी म्हटलं.

वाऱ्याने वर काहीतरी हललं. पडलं नाही.

"सेत," तो म्हणाला, सरकारी भाषेत,
आणि वहीत लिहून घेतलं.

कर सातांचा भरावाच लागला.
पहिल्या हप्त्याला तिने कानातलं विकलं.
अर्ज कुठल्यातरी कपाटात असेल,
त्यातल्या अडचणी अजून काहीच.

पण त्या दिवशी परतीच्या होडीत
त्याच्या पिशवीत एक नारळ होता, माझ्याही.
आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो.
कुठल्या माडाचा,
ते कोणी कोणाला विचारलं नाही.